जावेची किडनी

"किडनी कोणी दिली?" असं विचारलं की मी खरं सांगते, "जावेनं." समोरची बाई आधी हसते. मग माझा चेहरा बघून विचारते, "सख्ख्या जावेनं?" आता जाऊ सख्खी असते का कुठे? लग्न करून आलो की पदरात पडते ती जाऊ. पण तपासणीच्या रांगेत, नुकतंच डायलिसिस सुरू झालेल्या बायका मला हे इतक्यांदा विचारतात, की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू. औषधपाण्याचं तुम्हाला डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते घ्यायचं कसं, याबद्दल. देणं जमतं हो आपल्याला, घेणं मेलं जमत नाही.

शहाळं

आम्ही अंधेरी पूर्वेला मरोळच्या गावठाणात राहतो. ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे इथलेच, बापजाद्यांपासूनचे. जिथे आमची भातशेती होती तिथे आता टॉवर आहेत. घर एकच, पण खाली मी आणि माझा नवरा रेजी, वरच्या मजल्यावर धाकटा दीर पीटर आणि त्याची बायको हिल्डा. मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर होते. मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी प्रेमानं बोलले तरी लोकांना वाटतं झापतेय.

पाय सुजायला लागले तेव्हा मी चपला बदलल्या. अंगाला खाज सुटली तेव्हा साबण बदलला. जेवणावरची वासना उडाली तेव्हा मात्र हिल्डा जिन्यावरून म्हणाली, "बाय, तू बोंबलाला नाही म्हणालीस म्हणजे काहीतरी झालंय. चल डॉक्टरकडे." मी तिला म्हटलं, "तू तुझं बघ." तिनं ऐकलं नाही, रेजीच्या मागे लागली, आणि रेजीनं मला नेलं.

डॉक्टर तरुण होते. रिपोर्ट बघून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात असं सांगितलं. मी विचारलं, "गोळ्या किती दिवस घ्यायच्या?" ते म्हणाले, गोळ्यांनी भागणार नाही, डायलिसिस लागेल. रेजी म्हणाला, "डॉक्टर, आमचा बॉटल मसाला फार तिखट असतो, त्यानं झालं का?" बिचारा! उन्हाळ्यात आमच्या घरी कुटून बाटल्यांत भरतात तो मसाला, त्याच्यावर सगळा दोष ढकलायला निघाला होता. डॉक्टर म्हणाले, नाही, बीपीनं झालं, वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या बीपीनं. मग काय खायचं नाही ते सांगितलं. त्यात शहाळं होतं.

बाहेर आलो. रेजी म्हणाला, "तू इथे बस, मी आलो." आणि आला तो हातात शहाळं घेऊन. तीस वर्षं आजारी माणसाला शहाळं द्यायचं एवढंच त्याला ठाऊक. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं शहाळ्याकडे बघितलं. "वाट लागली," तो म्हणाला, आणि स्ट्रॉ स्वतःच्या तोंडात घालून पिऊ लागला. पिता पिता रडायला लागला. मी त्याला म्हटलं, "अरे, रडतोस काय, पाणी गोड आहे का ते तरी सांग." तो म्हणाला, "गोड आहे गं." त्या दिवशीचं मला एवढंच नीट आठवतं.

तहान

डायलिसिसची सवय होते. सुईची होते, खुर्चीची होते, शेजारच्या खुर्चीवर घोरणाऱ्या माणसाचीही होते. तहानेची होत नाही. पाणी मोजून प्यायचं म्हणजे काय, ते ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं. मी टीव्हीवर नदी दिसली तरी चॅनल बदलायची.

हिल्डा रोज संध्याकाळी खाली यायची, हातात बर्फाचा एक खडा, वाटीत. "चोख. पिऊ नकोस, चोख." माझ्यासाठी बिनमिठाचे फुगे करायची. मैद्याचे गोल तळलेले फुगे, आमच्याकडे लग्नाला, सणाला हेच असतात. बिनमिठाचे फुगे म्हणजे कापूस. मी म्हणायची, "हिल्डा, हे खाण्यापेक्षा मेलेलं बरं." ती म्हणायची, "मर, पण खाऊन मर."

अशीच आहे ती. आमची भांडणं अख्ख्या गावठाणाला पाठ. पाण्याची मोटार कोणी चालू ठेवली, कुणाच्या कपड्यांचं पाणी कुणाच्या पापडांवर पडलं, मसाल्यात कुणी धणे जास्त घातले. एकदा तर आम्ही पूर्ण लेंट बोललो नव्हतो, चाळीस दिवसांचा उपासकाळ. फादरनी विचारलं काय सोडलंत, तर ती म्हणाली, "जावेला."

त्या सप्टेंबरात रेजी वांद्र्याच्या मावलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेला गेला. तिथे मेणाचे अवयव मिळतात. हात दुखत असेल तर मेणाचा हात वाहायचा, पाय दुखत असेल तर पाय. रेजीनं सगळे स्टॉल पालथे घातले, किडनी कुठेच मिळेना. शेवटी एका बाईनं त्याला मेणाचं पोट दिलं आणि म्हणाली, "घ्या, त्यातच कुठेतरी असेल." त्यानं ते वाहिलं आणि नवस बोलला, बायको बरी झाली तर मरोळहून वांद्र्यापर्यंत अनवाणी येईन. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी हसले, पण मला बरं वाटलं. हिशेब सरळ होता. तू दे, मग मी देतो. मावलीशी असो नाहीतर शेजारणीशी, मी जन्मभर असंच वागत आले होते.

रिकामा डबा

डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याची किडनी बसवली तर तुम्ही जगाल, नुसत्या जगणार नाही, नीट जगाल. रेजीला डायबिटीस, त्याचं नाव लगेच कटलं. आमची लेक शेरॉन तयार होती, पण रक्तगट जुळेना. मला मनातून हायसंच वाटलं, पोरीच्या पोटावर सुरी नको. माझी भावंडं राहिली नाहीत. मेलेल्या माणसाची किडनी मिळण्यासाठी नाव नोंदवलं, तिथे रांग लांब होती.

एका रविवारी चर्चमधून, मिसाहून आलो. हिल्डा वरून कपडे वाळत घालत होती. तिथूनच ओरडली, "बाय, माझा ग्रुप ओ आहे. चालतो म्हणे कुणालाही. मी विचारून आले."

"काय चालतो?"

"किडनी गं! दोन आहेत मला. एक घे."

अख्खी गल्ली ऐकत होती. मी म्हटलं, "उचलली जीभ लावली टाळ्याला! खाली ये आधी." ती खाली आली, ओल्या हातांनी. मागून पीटर आला आणि म्हणाला, "वहिनी, मी हो म्हटलंय. नाही म्हटलं असतं तर हिनं मलाच घराबाहेर काढलं असतं." मी नाही म्हणाले. पुढचे कितीतरी दिवस नाहीच म्हणत राहिले. शेवटी तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, जुळल्या, आणि डॉक्टरांनी मला सांगितलं की तुमचं शरीर थकत चाललंय, फार वाट बघू नका. तेव्हा मी हो म्हणाले. पण आतून ते मला पटत नव्हतं.

का, ते सांगते. माझ्या आईनं मला एक गोष्ट शिकवली होती. कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तर वाटीत काहीतरी घालून द्यायचं. काही नसेल तर साखर, साखर नसेल तर चार मिरच्या. आता तुम्हीच सांगा, किडनीच्या वाटीत काय घालून परत द्यायचं?

माझ्याकडे सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या होत्या. थोरली सून म्हणून त्यांनी मला दिल्या होत्या. हिल्डाला त्या आवडायच्या, लग्नाकार्यात मी घातल्या की ती हात लावून बघायची. एक दिवस तिचा फुग्यांचा डबा परत जायचा होता. मी पाटल्या पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळल्या, डब्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि शेरॉनच्या हाती वर पाठवला. हलकी झाले मी. त्या दिवशी मला बर्फाचा खडासुद्धा गोड लागला.

हिल्डानं वरून हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, ठेवल्या असतील, आवडल्या असतील. चला, फिटलं.

मोबदला

जाऊ म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं जवळची नातेवाईक नाही. आई, बाप, नवरा, बायको, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं यांच्यापलीकडचं कोणी अवयव देत असेल तर एक समिती बसते आणि खात्री करून घेते की हा व्यवहार नाही. देणारा प्रेमानं देतोय, विकत नाही. चांगलाच आहे कायदा, गरिबांना लुबाडू नये म्हणून केलेला. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं असं नाही. पण माझ्या डोक्यात पैसे म्हणजे पैसे, आणि पाटल्या म्हणजे परतीची वाटी.

समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी मी कन्फेशनला जाऊन आले होते. म्हटलं, ऑपरेशनची परवानगी घ्यायला जायचं, मन स्वच्छ पाहिजे.

हिल्डाला आधी आत बोलावलं, मग मला. टेबलापलीकडे तीनचार जण, बाजूला कॅमेरा. मधल्या मॅडम सौम्य होत्या. घरचं विचारलं, नातं विचारलं. मग म्हणाल्या, "हिल्डाबाईंना तुम्ही काही दिलंय का? पैसे, दागिना, जागा, काहीही?"

मी म्हटलं, "हो. पाटल्या."

सगळ्यांनी माना वर केल्या. "कोणत्या पाटल्या?"

"सासूबाईंच्या. सोन्याच्या. डब्यातून पाठवल्या."

"डब्यातून?"

"फुग्यांच्या," मी म्हटलं.

मॅडमनी शेजारच्यांकडे बघितलं. मग मला सांगितलं की हिल्डाबाई आत्ताच म्हणून गेल्या, मला एक दमडीही मिळालेली नाही. दोघींचं जुळत नाही, त्यामुळे आज परवानगी देता येणार नाही. चौकशी होईल, पुन्हा बोलावू. मी त्यांना समजवायला गेले तर माझा आवाज असा चढला की रेजीला आत बोलवावं लागलं.

रिक्षात हिल्डा एक शब्द बोलली नाही. हिल्डा! जी झोपेतसुद्धा बोलते. घरी आल्यावर माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"डबा उघडला त्याच दिवशी मला तुझ्या डोक्यात घालायच्या होत्या त्या. बीपी वाढेल म्हणून गप्प बसले. कपाटात टाकल्या, म्हटलं ऑपरेशन होऊ दे, मग बघते हिला. माझ्या म्हणून घेतल्याच नव्हत्या मी, मग सांगू काय त्यांना?"

"अगं, मी चांगल्या मनानं..."

"चांगल्या मनानं? मी तुला माझ्या पोटातलं काढून देतेय, आणि तू मला दुकानदार करतेस?"

आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत, सासूबाई गेल्या तेव्हाही, मी तिला अशी रडताना बघितलं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "हिल्डा, बस गं." ती बसली नाही. वर गेली आणि त्या संध्याकाळी बर्फ पीटर घेऊन आला.

हात

त्यानंतर माझ्या हातातली डायलिसिसची शीर बंद पडली. मानेत नळी घातली, नळीतून ताप आला, मला ॲडमिट केलं. खरं सांगते, तेव्हा मला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली. आधी वाटायची ती दुखण्याची. आता वाटलं, मी जाणार, आणि रेजी शहाळ्यांच्या गाडीसमोर एकटा उभा राहणार. परवानगी हातातोंडाशी आली होती आणि मीच माझ्या हातानं ती घालवली होती.

आमच्या पॅरिशचे फादर कम्युनियन, म्हणजे मिसातला पवित्र भाकरीचा तुकडा, घेऊन वॉर्डात यायचे. तरुण आहेत, वसईकडचे, आणि माझ्या आवाजाला घाबरत नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं, पाटल्यांसकट. त्यांना हसू आवरेना. मग म्हणाले, "लुईजाबाई, आपण ज्याला कृपा म्हणतो ना, ते हेच आहे. लायकी बघून मिळत नाही, आणि परतही करता येत नाही."

मी म्हटलं, "फादर, तुम्हाला जाऊ नाही म्हणून बोलणं सोपं आहे. फुकटचं कसं घ्यायचं माणसानं? मी काय केलंय तिच्यासाठी? पापडांवरून भांडले, हेच."

"देवासाठी काय केलंय?"

"रोझरी म्हणते रोज."

"म्हणून तो देतो का?"

मी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, "कम्युनियनला तुम्ही हात पुढे करता. त्या हातांत काय असतं?"

"काय असणार? काही नाही."

"असलं तर मी ठेवू कुठे?"

एवढंच बोलले. मी दोन्ही हात पुढे केले, एकाला सलाईन होतं. त्यांनी माझ्या तळव्यावर कम्युनियन ठेवलं. जन्मभर मी तशीच हात पुढे करत आले होते, आणि एकदाही मला लाज वाटली नव्हती. मग हिल्डापुढेच का वाटत होती? रोझरीची माळ ओढताना कृपा हा शब्द दिवसाला पन्नासदा माझ्या तोंडातून जातो. नवस फेडता येतो, म्हणून मला तो आवडायचा. हे फेडता येणारं नव्हतं. मी तोंडावर चादर ओढून खूप रडले. ते दुःखाचं रडणं नव्हतं, हेही सांगते.

ताप उतरल्यावर घरी आले. जिना चढायची ताकद नव्हती, म्हणून खालूनच हाक मारली, "हिल्डा! माझ्या पाटल्या आण इकडे!" ती धाडधाड उतरली. पाटल्या माझ्या मांडीवर टाकल्या. मी हातात घातल्या. मग विचारलं, "अजून देणार आहेस का?"

"काय?"

"किडनी."

"नाहीतर काय लोणचं घालू तिचं?" ती म्हणाली, आणि बर्फ आणायला वर गेली.

दुसऱ्यांदा

दुसऱ्या वेळी दोघींना एकत्र बसवलं. चौकशीत शेजारीपाजारी बोलले होते. त्यांनी आमची भांडणं इतकी रंगवून सांगितली होती की मॅडमनी हिल्डाला सरळच विचारलं, "तुमचं यांच्याशी पटत नाही म्हणतात. मग का देताय?"

हिल्डा म्हणाली, "पटत नाहीच, मॅडम. पटायला कशाला पाहिजे? ही माझी आहे."

"त्यांनी तुमच्यासाठी कधी काही खास केलंय?"

हिल्डानं विचार केला. मी आशेनं बघत होते, काहीतरी सांगेल. तिच्या बाळंतपणात मी होते, पीटरची नोकरी गेली तेव्हा होते. ती म्हणाली, "केलंय तसं. पण त्यासाठी नाही देत. काही केलं नसतं तरी दिली असती."

मॅडम माझ्याकडे वळल्या. पाटल्या माझ्या हातात आहेत हे त्यांनी बघितलं. "आणि तुम्ही? पुढे कधी, कुठल्याही रूपात, यांना काही देणार आहात?"

जिभेवर आलं होतं, की निदान ख्रिसमसला एक चांगली साडी तरी. रेजीनं टेबलाखालून पाय दाबला. मी हिल्डाकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती, पण कान इकडे होते.

"नाही," मी म्हटलं. "काही देणार नाही. देण्यासारखं माझ्याकडे काही नाहीच. मी ती अशीच घेणार आहे." आणि माझा आवाज फुटला, भर कॅमेऱ्यासमोर.

थोड्या दिवसांत परवानगीचा फोन आला.

नंतर

ऑपरेशनबद्दल मला सांगता येणार नाही, मी झोपले होते. जागी झाले तेव्हा सिस्टरनी लघवीची पिशवी वर धरून दाखवली, पोराला बक्षीस दाखवावं तशी. किडनी टेबलावरच कामाला लागली होती. सिस्टरनी मला घोटभर पाणी पाजलं, मग अजून एक. कुणी थांबवेना. डोळ्यांतून पाणी, तोंडात पाणी, मला कळेना काय करावं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला जास्त दुखतं. आमच्या अंगात नवं काहीतरी येतं, रंग परत येतो. त्यांचं नुसतंच जातं. हिल्डाला भुलीनं उलट्या झाल्या, टाके ओढायचे, खोकली की किंचाळायची. तिचं किंचाळणं मला माझ्या खोलीत ऐकू यायचं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची.

मला चालायची परवानगी मिळाली तेव्हा मी सिस्टरला म्हटलं, जावेकडे घेऊन चला. त्यांनी मला मास्क लावला, एका हाताला धरलं. कॉरिडॉर छोटासाच, पण मी भिंतीला टेकत टेकत गेले. फळं न्यायची नव्हती, फुलं न्यायची नव्हती, इन्फेक्शनच्या भीतीनं कशालाच परवानगी नव्हती. मनात मात्र बोलायचं पुष्कळ जुळवलं होतं.

हिल्डा एका कुशीवर पडली होती. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले, एकदम लहान दिसत होती. मला दारात बघून तिनं डोळे बारीक केले.

"काय गं? कशाला आलीस?"

जुळवलेलं सगळं मी विसरले. "उगाच," मी म्हटलं.

तिनं दात आवळले, टाक्यांवर हात दाबला, आणि कण्हत कण्हत हळूहळू भिंतीकडे सरकली. माझ्यापुरती जागा करेपर्यंत सरकत राहिली. मी तिला थांब म्हटलं नाही. जागा झाली तेव्हा मी तिच्या शेजारी बसले.